गणू गुरुवारी का येत नाही?

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलं असेल, तर बुद्धिमत्ता चाचणी म्हणजे काय ते त्याला सांगायला नको. आरशातली घड्याळं, घनाच्या दडलेल्या बाजू, सांकेतिक भाषा, आणि पूर्वेकडे तोंड करून निघालेला तो बिचारा माणूस! तो आधी उजवीकडे वळतो, मग डावीकडे वळतो, आणि शेवटी ‘मी कुठं पोचलो?’ म्हणून आपल्यालाच विचारतो. मला स्वतःला हे सगळे प्रश्न फार आवडतात. पण याच चाचणीत एक प्रकार असा असतो, की तिथं भलीभली हुशार मुलं घसरतात. ‘खालील विधाने वाचा व त्यांवरून निघणारा योग्य निष्कर्ष निवडा.’

हुशार मुलं इथं का घसरतात? कारण त्यांना पुष्कळ माहीत असतं! आता हे काय भलतंच, असं तुम्हांला वाटेल. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

मी जिल्हा परिषदेच्या एका शाळेत शिकवते. २०२२-२३ साली माझ्याकडं पाचवीचा वर्ग होता. शाळा भरायच्या आधी आम्ही शिष्यवृत्तीचा जादा तास घ्यायचो. दप्तरं भिंतीला टेकवून मुलं सतरंजीवर बसायची आणि मी फळ्यावर प्रश्न लिहायची. एके दिवशी मी हा प्रश्न लिहिला :

‘शाळेच्या बागेतील ज्या ज्या कुंडीला रोज पाणी घातले, त्या सर्व कुंड्यांतील रोपे जगली. एका कुंडीतील रोप मेले. यावरून निघणारा योग्य निष्कर्ष कोणता?
(१) पाणी घातले नाही तर रोप मरतेच.
(२) ते रोप कीड लागून मेले.
(३) त्या कुंडीला रोज पाणी घातलेले नव्हते.
(४) रोज पाणी घातलेली काही रोपे मेली.’

तुम्ही काय निवडलंत? थांबा, पुढं वाचण्याआधी मनाशी ठरवा.

माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त हात वर झाले ते पहिल्या पर्यायाला. मी विचारलं, “हे विधानांत कुठं लिहिलंय?”

“लिहिलं नाहीये बाई, पण खरंच आहे ना!”

बघा, इथंच गोम आहे. विधानांत फक्त रोज पाणी मिळालेल्या कुंड्यांबद्दल सांगितलंय. ज्यांना रोज पाणी मिळालं नाही, त्यांतली काही मेली असतील, काही जगलीही असतील. त्याबद्दल कागद गप्प आहे. मी हे सांगत होते, तेवढ्यात मागच्या ओळीतून एक आवाज आला, “बाई, आमच्या परसातल्या कोरफडीला कुणीच पाणी घालत नाही. तरी ती मरतच नाही!”

सगळा वर्ग हसला. पण बोलणारीनं मुद्दा बरोबर पकडला होता. तिला आपण सुमी म्हणू. (या लेखातली नावं मी बदलली आहेत, बरं का. माणसं मात्र खरी आहेत.)

योग्य उत्तर तिसरं. रोज पाणी मिळालेली सगळी रोपं जगली. हे मेलं. म्हणजे हे त्या रोज पाणी मिळालेल्यांतलं असूच शकत नाही. बस, एवढंच निघतं. ते कशानं मेलं, कुणी मारलं, बकरीनं शेंडा खाल्ला की काय, हे कागदात नाही.

त्या दिवशी मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तीन शब्द लिहिले आणि खाली ‘पुसू नये’ असं लिहिलं. ते तीन शब्द होते : ‘कागदात काय आहे?’

मग आम्हांला या खेळाचा नादच लागला. मुलांना मी एक युक्ती दिली. पर्याय वाचला की विचारायचं, “विधानं सगळी खरी राहूनही हा पर्याय खोटा असू शकतो का?” असू शकत असेल, तर तो पर्याय अजून लंगडा आहे. उदाहरणार्थ, ‘वर्गातील ४० मुलांपैकी २५ मुले नेहमी सायकलने येतात. आज पावसामुळे शाळेत एकही सायकल आली नाही.’ यावरून ‘आज २५ मुले गैरहजर होती’ असं म्हणता येईल का? वरवर वाटतं, हो. पण ती मुलं छत्री घेऊन चालत आली असतील! मग निघतं काय? ‘आज कुणीही सायकलवरून शाळेत आले नाही.’ मुलांना हे पटेना. “एवढं सोपं उत्तर कसं असेल बाई?” पण बरेचदा असंच असतं. बरोबर निष्कर्ष अगदी साधासुधा, कोपऱ्यात अंग चोरून उभा असतो. चुकीचे पर्याय मात्र मोठ्या रुबाबात येतात. ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘केवळ’, ‘कधीच नाही’ असले भारदस्त शब्द त्यांनी अंगावर घातलेले असतात. असा शब्द दिसला की थबकायचं आणि बघायचं, एवढा मोठा शब्द पेलण्याएवढा आधार विधानांत आहे का? असेल तर खुशाल निवडायचा. ‘सर्व’ शब्द दिसला की उत्तर चूकच, असा नियम करून ठेवला तर तोही एक घाईचा निष्कर्षच झाला की!

कधी कधी मात्र शंभर टक्के खात्रीचं असं काहीच निघत नाही. मग ज्याला सगळ्यांत जास्त आधार, तो पर्याय घ्यायचा. आमच्या गावची मुक्कामी एसटी गेले वीस दिवस सकाळी ६ वाजता सुटतेय. उद्याही ती सहालाच सुटेल हे नक्की का? नाही. टायर पंक्चर होईल, ड्रायव्हरला ताप येईल. पण ‘उद्या ती सहाला सुटेल’ या म्हणण्याला वीस दिवसांचा टेकू आहे. ‘उद्या ती सुटणारच नाही’ याला कशाचाच टेकू नाही. खात्री वेगळी आणि आधार वेगळा, हे एकदा कळलं की अर्धं काम झालं.

एकदा मी पंचतंत्रातली मुंगसाची गोष्ट प्रश्न करून घातली. ती तुम्हां सगळ्यांना ठाऊक असेल. बाळाला पाळण्यात ठेवून आई पाण्याला जाते. घरी पाळलेलं मुंगूस असतं. ती परत येते तो दारातच मुंगूस, आणि त्याच्या तोंडाला रक्त! ती डोक्यावरची घागर त्याच्यावर घालते. मग आत जाऊन बघते, तर बाळ हसतंय आणि शेजारी मेलेला साप. मी विचारलं, “दारात उभ्या असलेल्या त्या बाईच्या कागदात काय होतं?”

“मुंगसाच्या तोंडाला रक्त होतं.”

“मग निष्कर्ष काय निघतो?”

“त्यानं कुणाला तरी चावलंय.”

“तेही नक्की नाही,” सुमी म्हणाली. “त्याचं स्वतःचंच तोंड फुटलं असेल.”

मी मनातल्या मनात तिची पाठ थोपटली. ती आई चार पावलं आत गेली असती, पाळण्यात डोकावली असती, तर? चारच पावलं! पण तिनं कोऱ्या जागेत स्वतःची भीती लिहिली आणि तेच उत्तर म्हणून वाचलं.

आपल्या म्हणीही या बाबतीत फार शहाण्या आहेत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्यानं मोडली असं होत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण ती का? कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. गावातलं एक पोर खोडकर निघालं म्हणून गावची सगळी पोरं खोडकर म्हणता येत नाहीत. गाव म्हणजे काही पातेल्यातला भात नव्हे!

असं सगळं मी मोठ्या तोऱ्यात शिकवत होते. आता माझीच फजिती ऐका.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याला गणू म्हणू. अंगानं बारीक, बोलायला कमी, गणितात चलाख. आमच्याकडं दर गुरुवारी जादा तासाला २५ गुणांची चाचणी असायची. सप्टेंबरपासून गणू गुरुवारी यायचा बंद झाला. बुधवारी हजर, शुक्रवारी हजर, गुरुवारी गायब. एक गुरुवार झाला, दोन झाले, चार झाले. मी ठरवून टाकलं, याला चाचणीची भीती वाटते. शिक्षकांच्या खोलीत मी तसं बोलले, तर बाकीच्यांनीही माना डोलावल्या. “होतं असं. काही मुलं परीक्षा म्हटली की पळतात.”

एका शुक्रवारी मी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले, “काय रे, चाचणीला घाबरून घरात लपून बसतोस होय?” पोरं हसली. गणू काही बोलला नाही. मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत राहिला. तो बोलला नाही, याचाही मी माझ्या सोयीनं अर्थ लावला : बघा, कबूलच केलं!

डिसेंबर उजाडला. शिष्यवृत्तीची आवेदनपत्रं भरून पूर्ण करायची होती. आमच्या शाळेनं त्यासाठी शुक्रवारचा दिवस ठरवला होता. परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी माझ्याकडं होती, आणि गणूच्या नावापुढं मी पेन्सिलीनं बारीक फुली मारली होती. माझा विचार असा, की जो साध्या चाचणीला भितो त्याला मोठ्या परीक्षेला कशाला बसवायचं? उगाच पोराला त्रास. मला तर वाटत होतं, की मी त्याच्यावर दयाच करतेय.

त्या आठवड्यातल्या बुधवारी मी फळ्यावर लिहायला नवा प्रश्न शोधत होते. पटकन सुचेना, म्हणून मी म्हणाले, “चला, आज तुम्हीच प्रश्न तयार करा.” सुमी उभी राहिली. तिनं कमरेवर हात ठेवले आणि अगदी माझ्यासारखा आवाज काढून म्हणाली, “एक मुलगा दर गुरुवारी शाळेत येत नाही. गुरुवारी चाचणी असते. निष्कर्ष सांगा!”

गणू तिथंच बसला होता. दोघं-तिघं ओरडली, “चाचणीला भितो!”

सुमीनं हात लांब करून फळ्याच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. “कागदात काय आहे? गुरुवारी चाचणी असते, तसा आपल्या गावचा आठवड्याचा बाजार पण गुरुवारीच असतो.”

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. खरंच की! एकाच दिवशी दोन गोष्टी. त्यांतली एकच मी पाहिली होती, कारण ती माझी होती. चाचणी माझ्या तासाची, म्हणून मला फक्त चाचणीच दिसली.

सुमी एवढ्यावर थांबली नाही. “आणि बाई, तो एका गुरुवारी आला होता. परतीचा पाऊस होता ना, तेव्हा. चाचणी झाली होती त्या दिवशी. पण बाजार भरला नव्हता.”

मी हजेरीपट उघडला. सप्टेंबरपासून शाळा भरलेले दहा गुरुवार होते. नऊ गुरुवारी गणूच्या नावापुढं गैरहजेरी आणि एका गुरुवारी, ऑक्टोबर महिन्यात, हजेरी. चाचण्यांची वही काढली. त्या दिवशी चाचणी झाली होती आणि गणूला २५ पैकी १७ गुण होते. गुण मीच दिले होते, सहीही माझीच! आणखी एक गोष्ट सापडली. एका गुरुवारी मी प्रशिक्षणाला जाणार होते, म्हणून चाचणी नव्हती, आणि तसं मी आदल्या दिवशी वर्गात सांगितलंही होतं. त्या गुरुवारीसुद्धा गणू गैरहजर होता.

आता जरा नीट पाहा. चाचणी आहे पण बाजार नाही, त्या दिवशी तो हजर. बाजार आहे पण चाचणी नाही, त्या दिवशी तो गैरहजर. बाकीचे आठ गुरुवार दोन्ही गोष्टी असलेले, त्यांच्यावरून काहीच ठरत नव्हतं. ठरत होतं ते या वेगळ्या पडलेल्या दोन गुरुवारांवरून. आणि नेमके तेच दोन मी ‘असं एखादं असायचंच’ म्हणून सोडून दिले होते.

“म्हणजे गणू बाजारात भाजी विकतो!” कुणीतरी म्हणालं. सुमीनंही मान हलवली. पण एव्हाना मी शहाणी झाले होते. मी म्हणाले, “थांबा. बाजाराचा काहीतरी संबंध दिसतोय, एवढ्यालाच आधार आहे. भाजी विकतो हे कागदात नाही.” वळून गणूला विचारावं असं फार वाटलं. पण त्याच्याकडं पाहिलं आणि लक्षात आलं, की याला सगळ्यांसमोर एकदा विचारून झालंय. पुन्हा तसं नको.

दुसरा दिवस गुरुवारचा. गणू आला नाही. हेडसरांना सांगून मी मधल्या सुट्टीत त्याच्या घरी गेले. दार उघडंच होतं. आढ्याला झोळी बांधलेली, झोळीत वर्ष-दीड वर्षाची बहीण झोपलेली. गणूच्या एका हातात झोळीची दोरी आणि मांडीवर एक कागद. कागद ओळखीचा वाटला. मागच्या गुरुवारची चाचणी! तो दर शुक्रवारी मित्राकडून प्रश्न उतरवून घ्यायचा आणि पुढच्या गुरुवारी झोळी हलवत सोडवायचा.

हळूहळू सगळं कळलं. गणूचे वडील ट्रकवर कामाला, आठवडा आठवडा बाहेर. आई गुरुवारच्या बाजारात भाजी घेऊन बसते. आजी होती तोवर धाकटीला तीच सांभाळायची. पावसाळ्यात आजी गेली. तेव्हापासून गुरुवारी घरी थांबायचं काम गणूकडं आलं. म्हणजे सुमीचा बाजाराचा धागा बरोबर होता, पण गणू बाजारात पाऊलही टाकत नव्हता!

मी विचारलं, “अरे, मग मला सांगितलं का नाहीस?”

तो झोळीकडं बघत म्हणाला, “तुम्ही विचारलं नाही बाई. तुम्ही म्हणालात, मी चाचणीला भितो.”

मुलांनो, मी शिक्षक व्हायच्या वाटेवर पुष्कळ परीक्षा दिल्या. २०१७ साली शिक्षक अभियोग्यता चाचणी दिली, तिच्यात तर २ तासांत २०० प्रश्न होते. पण एका वाक्यात माझा एवढा मोठा पेपर कुणी तपासला नव्हता. मी खरोखरच विचारलं नव्हतं. मी प्रश्नचिन्ह लावून उत्तरच सांगितलं होतं.

मी गणूची माफी मागितली. तिथं घरी मागितली आणि शुक्रवारी वर्गातही मागितली. हसलेल्यांपुढं मान खाली घालायला लावली होती, तेव्हा मान वरही त्यांच्यापुढंच व्हायला हवी. पेन्सिलीची फुली खोडली, आवेदनपत्र भरलं. चाचणीचा दिवस शुक्रवार केला. आणि गणूच्या आईशी बोलून असं ठरवलं, की गुरुवारी त्यानं बहिणीला घेऊनच शाळेत यावं. ती कधी सतरंजीच्या कडेला झोपायची, कधी खडू चघळायची. एकदा तिनं हजेरीपटाचं पान फाडलं. नेमकं ऑक्टोबरचं फाडलं नाही, हे नशीब!

पुढच्या आठवड्यात मी वर्गाला एका डॉक्टरांची गोष्ट सांगितली. १८५४ सालच्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भयंकर साथ आली. दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसं गेली. त्या काळी बहुतेक जाणत्या लोकांची समजूत अशी, की हा रोग घाणेरड्या हवेतून पसरतो. त्या भागात दुर्गंधी होतीच, त्यामुळं सगळ्यांना हा निष्कर्ष पटायचा. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांना मात्र पाण्याचा संशय होता. मृत्यू कुठल्या घरांत झाले ते त्यांनी शोधलं, तर बहुतेक घरं ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाच्या आसपासची निघाली.

पण तेवढ्यानं काय ठरतं? पंपाजवळची हवाही तीच आणि पाणीही तेच. आमच्या गुरुवारसारखंच झालं! चाचणी आणि बाजार एका दिवशी, तशी घाण हवा आणि पंप एका गल्लीत.

मग स्नोंनी काय केलं, तर वेगळे पडलेले ‘गुरुवार’ शोधले. जवळच गरिबांसाठीचं एक मोठं आश्रयगृह होतं. तिथं ५३५ माणसं राहत. आजूबाजूच्या घरांत मृत्यू, पण या इमारतीत पटकीनं गेली फक्त ५. का? त्यांचा स्वतःचा पंप होता. ब्रॉड स्ट्रीटवरच मद्य तयार करण्याचा एक कारखाना होता, सत्तरहून जास्त कामगारांचा. त्यांतल्या कुणालाही रोगाचा जोराचा झटका आला नाही. ते तिथं तयार होणारं पेयच पीत आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. हवा तीच, पाणी वेगळं, माणसं वाचली. आता उलटं पाहा. काही मैल लांब हॅम्पस्टेडला एक बाई पटकीनं वारली. तिथं साथ नव्हती. चौकशी केली तेव्हा कळलं, की तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचंच पाणी आवडायचं, आणि ती ते रोज बाटलीतून मागवायची. तिच्याकडं आलेल्या भाचीनंही ते प्यायलं आणि तीही वारली. हवा वेगळी, पाणी तेच, माणसं गेली.

स्नोंचं म्हणणं ऐकून ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. “आणि साथ थांबली!” वर्ग एका सुरात म्हणाला.

“कागदात काय आहे?” मी विचारलं.

गंमत इथंच आहे. साथ त्याआधीच ओसरू लागली होती. भीतीनं पुष्कळ लोक तो भाग सोडून गेले होते. ही गोष्ट खुद्द स्नोंनीच लिहून ठेवली आहे. आपण दांडा काढायला लावला आणि साथ थांबली, असं ते छातीठोकपणे म्हणू शकले असते. टाळ्याही पडल्या असत्या. पण तेवढा आधार नव्हता, म्हणून ते म्हणाले नाहीत. पाण्यातून रोग पसरतो या निष्कर्षाला आधार होता, तो मात्र त्यांनी सोडला नाही. १८५८ साली ते वारले. पुढं २६ वर्षांनी, १८८४ साली, रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञांनी आपल्याच देशात, कोलकात्यात, पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जीवाणू रोग्यांच्या शरीरात आणि तलावाच्या पाण्यातही दाखवून दिला.

गोष्ट संपल्यावर गणूनं हात वर केला. जादा तासाला स्वतःहून हात वर करायची ती त्याची पहिलीच वेळ. “बाई, परीक्षेत तर कागदातलंच बघायचं असतं. हे डॉक्टर तर घराघरांत गेले. मग नेमकं काय करायचं?”

किती छान प्रश्न! परीक्षेत कागदाबाहेर जायचं नसतं, हे खरं. तिथं चार पर्याय दिलेले असतात आणि त्यांतलाच एक निवडायचा असतो. पण परीक्षेबाहेर आपल्याला कुणी चारच पर्याय देत नाही. गणूबद्दलच्या माझ्या यादीत खरं उत्तर नव्हतंच. तिथं आधार कमी पडतोय असं कळलं, की उठायचं, चार पावलं चालायचं आणि विचारायचं. मुंगसाच्या गोष्टीतल्या आईनं चालायला हवी होती, तेवढीच चार पावलं.

पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. पोराचे गुण कमी आले, डबा तसाच परत आला, शाळेला निघताना पोट दुखायला लागलं, की आपल्याकडं उत्तर तयार असतं. ‘खेळाचं वेड’, ‘नखरे’, ‘अभ्यासाचा कंटाळा’. असेलही तसं. पण एकदा हजेरीपट उघडून बघावा. पोट कोणत्या दिवशी दुखतं? कोणत्या दिवशी दुखत नाही? आणि मग शांतपणे विचारावं, उत्तर आधी न सांगता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आमची मुलं परीक्षेला बसली. गणूही बसला. पुढं निकाल लागला. शिष्यवृत्ती मिळालेल्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, पण तो पात्र झाला होता. शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी कौतुकानं म्हणाले, “बघा बाई, तुम्ही चाचणीचा दिवस बदललात म्हणून पोरगं पात्र झालं.”

मला फार बरं वाटलं. तसंच असावं असंही वाटलं. मग मला तो आढ्याला बांधलेल्या झोळीखाली सोडवलेला कागद आठवला. दिवस बदलायच्या कितीतरी आधी गणूनं त्याचं काम सुरू केलं होतं.

“सर,” मी म्हटलं, “कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढंच म्हणू या.”